ट्रकमध्ये बारा व्होल्ट हवे असतील तेव्हा: कन्व्हर्टर करून घेताना

ट्रकच्या केबिनमध्ये टेप, डॅशकॅम, पंखा, एलईडी पट्ट्या बसवायच्या असतात. हा सगळा माल कारसाठी बनलेला, १२ व्होल्टचा, आणि गाडी २४ व्होल्टची. मग वायरमन सरळ दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून वायर काढतो. खर्च शून्य, टेप लगेच वाजतो, मालक खूश. पण बॉडीकडची, म्हणजे खालची बॅटरी रोज जास्त झिजते आणि अल्टरनेटर मात्र दोन्हींना मिळून २८ व्होल्ट देत राहतो. खालची १३ वर अडकली की वरच्या बॅटरीला १५ मिळतात. वरची उकळते, तिचं पाणी सारखं कमी होतं. खालची कधी पूर्ण चार्जच होत नाही आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट बसतं. काही महिन्यांत दोन्ही जातात, आणि दोष बॅटरी कंपनीला दिला जातो. तेव्हा मधला जोड नको. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर हवा, आणि तो ऑर्डर देऊन करून घ्यायचा असेल तर कारागिराला कागदावर काय लिहून द्यायचं, ते आज सांगतो.

आधी प्रत्येक उपकरणाचं लेबल वाचा. मोबाइलचे बरेच चार्जर आणि कॉम्प्रेसरवाले अनेक छोटे फ्रिज १२ आणि २४ दोन्हींवर चालतात. त्यांना कन्व्हर्टरवर घालून लोड कशाला वाढवायचा? त्यांना वेगळा फ्यूज टाकून थेट २४ द्या. उरतात टेप, डॅशकॅम, पंखा, पट्ट्या. साधारण आवाजात हे सगळं मिळून ६-७ अँपिअरच्या घरात बसतं, म्हणून सलग १० अँपिअर देणारा कन्व्हर्टर मागा. ‘सलग’ हा शब्द कागदावर आलाच पाहिजे. नाहीतर ‘१० अँपिअर’ म्हणून जे मिळतं ते अनेकदा दोन मिनिटांपुरतं असतं.

आउटपुट १२ नको, १३.८ व्होल्ट मागा. कारचं उपकरण इंजिन चालू असतानाच्या व्होल्टेजसाठी बनलेलं असतं, शिवाय वाटेत वायर काही खाते. ३ मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ६ मीटर तांबं. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत १० अँपिअरला १ व्होल्ट जातो, २.५ च्या वायरीत ०.४. म्हणून २.५ च घ्या. घरगुती राउटर किंवा सीसीटीव्ही कॅमेरा लावायचा असेल तर गोष्ट वेगळी. तो कारसाठी बनलेला नसतो, त्याला नेमके १२ लागतात.

आता इनपुट. बहुतेक कन्व्हर्टर मरतात ते इथेच. २४ व्होल्टची गाडी २४ वर क्वचितच असते. उभी असताना भरलेली बॅटरी २५.४, चालताना २८ च्या आसपास, सेल्फ मारताना १६ किंवा त्याहूनही खाली. आणि अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरीची लग (वायरीच्या टोकाची पकड) सैल होऊन निघाली, तर लाइनवर मोठा झटका येतो. आयएसओ १६७५०-२ या मानकात, अल्टरनेटरमध्ये आवर घालणारे डायोड नसतील अशा २४ व्होल्टच्या गाडीसाठी हा झटका १५१ ते २०२ व्होल्टचा धरला आहे, ३५० मिलिसेकंदांपर्यंत टिकणारा.

आता बाजारात मिळणारी कन्व्हर्टरची निळी छोटी पाटी (सर्किट बोर्ड) हातात घ्या. तिच्यावर एलएम २५९६ ही आयसी असते. चालवायची मर्यादा ४० व्होल्ट, करंट ३ अँपिअर. शेजारचा इनपुट कॅपॅसिटर निरखून पाहा: काही पाट्यांवर त्यावर ३५ व्होल्टच छापलेलं दिसेल. २८ वर ती पाटी टेबलावर छान चालते, आणि लग सैल झाली त्या दिवशी जाते. म्हणून कागदावर लिहा: इनपुटला एसएम८एस३३ए किंवा त्याच ताकदीचा टीव्हीएस डायोड, म्हणजे झटका गिळणारा डायोड. तो जोराचा झटका ५३ व्होल्टच्या आसपास दाबतो, म्हणून पुढची आयसी, मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि कॅपॅसिटर त्याच्यापेक्षा बऱ्याच वरचे हवेत; मॉसफेट १०० व्होल्टचा घ्या. बॅटरी उलटी जोडली गेली तर हाच डायोड वाहू लागतो आणि फ्यूज उडतो, हा आणखी एक फायदा. फ्यूज १० अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतरात. कन्व्हर्टरजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न असा: कन्व्हर्टर बिघडेल तेव्हा आउटपुटला काय येईल? साध्या बक (व्होल्टेज उतरवणाऱ्या) सर्किटमध्ये वरचा मॉसफेट बहुतेकदा शॉर्ट होऊन मरतो, आणि मग सरळ २८ व्होल्ट टेपमध्ये जातात. कन्व्हर्टर स्वस्तात भरून मिळतो, टेप आणि कॅमेरा नाही. म्हणून आउटपुटला क्रोबार मागा: व्होल्टेज १६ च्या वर गेलं की एससीआर (इशारा मिळताच वाहू लागणारा स्विच) आउटपुट शॉर्ट करतो आणि इनपुटचा फ्यूज उडतो. फ्यूज उडेपर्यंतचा करंट सोसणारा दणकट एससीआर हवा. खर्च थोडा वाढतो, पण ही ओळ कोणी गाळायला सांगितली तरी गाळू देऊ नका.

बॅटरी उतरू नये म्हणून कटऑफ हवा: २३.६ व्होल्टला बंद, पण ६० सेकंद थांबून, म्हणजे सेल्फच्या झुकावाने तो पडणार नाही. परत चालू २६ च्या वर, म्हणजे चार्जिंग सुरू झाल्यावरच. हे दोन आकडे जवळजवळ ठेवले तर लोड निघताच व्होल्टेज वर येतं आणि कन्व्हर्टर रात्रभर चालू-बंद करत बसतो. बंद असतानाचा करंटही लिहून घ्या. २० मिलिअँपिअर ऐकायला काहीच नाही, पण महिनाभर उभ्या गाडीत ते १४ अँपिअर-तास होतात. १ मिलिअँपिअरच्या आत मागा.

उष्णता: आउटपुट १३८ वॅट आणि कार्यक्षमता ९० टक्के, तर सुमारे १५ वॅट डब्यात उरतात. अॅल्युमिनियमचा डबा केबिनच्या पत्र्याला घट्ट लावा, सीटमागे गादीखाली नको. विदर्भातल्या मे महिन्यात बंद केबिनमध्ये आतला कॅपॅसिटर सहज ८० अंशांच्या पुढे जातो, म्हणून १०५ अंशांचेच घ्या.

हादऱ्यांसाठी कॉइल आणि मोठे कॅपॅसिटर सिलिकॉनने पाटीला धरून ठेवायचे. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू देऊ नका. सुकताना त्यातून निघणारं आम्ल तांबं खातं. वायरीच्या टोकांना लग क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा. झाळलेली वायर, झाळ संपते तिथेच कडक-मऊच्या सीमेवर हादऱ्यांनी तुटते. लायटर सॉकेटमधून १० अँपिअर ओढू नका, त्याची स्प्रिंग तापून ढिली पडते.

गाडीत लावण्याआधी नमुना टेबलावर तपासा. १८ ते ३२ व्होल्ट इनपुट फिरवून आउटपुट हलतं का ते बघा. डबा बंद करून पूर्ण लोडवर दोन तास चालवा. लोड एकदम काढा. तेव्हाची उसळी ऑसिलोस्कोपवर १५ च्या आत राहिली पाहिजे. आउटपुट शॉर्ट करून सोडा, तो आपोआप परत यायला हवा. क्रोबार वेगळा तपासा: कन्व्हर्टर बंद ठेवून बाहेरच्या सप्लायने, करंटची मर्यादा २ अँपिअरवर लावून, आउटपुटच्या टोकांवर व्होल्टेज हळूहळू चढवा. १६ च्या आसपास सप्लाय कोसळला म्हणजे एससीआर पेटला. शेवटी टेपवर मीडियम वेव्ह लावा. स्टेशनाऐवजी शिट्टी आली तर इनपुट-आउटपुटला फिल्टर कमी पडला आहे, आणि डबा कारागिराकडे परत जातो.