बघता बघता

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'घरगुती उद्योगात मालाची किंमत कशी काढावी' असा विषय छापलाय. तो मी सांगणार आहे. पण त्याआधी मला दोन शब्दांचा समाचार घ्यायचाय, आणि मिळालेल्या चाळीस मिनिटांतली बरीचशी त्यातच जाणार, हे आधीच कबूल करते. ते दोन शब्द म्हणजे 'बघता बघता'.

"घरातल्या घरात धंदा. पोरं बघता बघता होतो की!" हे वाक्य ज्यांनी ऐकलं नाही त्यांनी हात वर करा. बघा, एकही नाही. मागे एक हात दिसतोय, पण त्या भाऊंनी बहुतेक हे वाक्य ऐकलेलं नसून म्हटलेलं असणार.

गंमत अशी की या वाक्यात बघायचं कुणाला, तेच कळत नाही. पोरांकडे बघता बघता कढई, की कढईकडे बघता बघता पोरं? दोन डोळे एका वेळी एकाच ठिकाणी लागतात. आणि हे वाक्य नुसतं ओटीवर बसून म्हटलं जात नाही, तर कर्जाच्या कागदावरही जाऊन बसतं. प्रकल्प अहवालात साखर आहे, गॅस आहे, बाटल्या आणि बुचं आहेत. मजुरीच्या रकान्यात 'घरगुती' असं लिहून पुढे आडवी रेघ. ती रेघ म्हणजे 'बघता बघता'.

आता आपल्या कोकणातलं पंचांग बघा. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिलअखेर लाल व्हायला लागतात. हापूस त्याच वेळी, फणस त्याच वेळी, काजूची बी नुकतीच गोळा झालेली. मे उजाडला की शाळांना सुट्टी, ती थेट जूनच्या मध्यापर्यंत. चाकरमानी येणार, त्यांची पोरं येणार, आणि "जाताना चार बाटल्या बांधून दे गो" हेही येणार. वर वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि सात जूनच्या आसपास मृग दारात उभा. म्हणजे वर्षाचा माल ज्या पंचेचाळीस दिवसांत करायचा, नेमके त्याच पंचेचाळीस दिवसांत पोरं दिवसभर घरात. लुधियानात लोकर विणणाऱ्या बाईला ही अडचण नाही. तिची लोकर पावसात कुजत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: दिवसाचे तास वाटू नका, कामं वाटा. प्रत्येक कामाला विचारायचं, पोर रडलं तर हे टाकून उठता येईल का? येत असेल तर ते सुटणारं काम. नसेल तर न सुटणारं.

आंब्याचा रस आटवायचा घ्या. पाच किलो रस जाड बुडाच्या कढईत घातला. पहिला अर्धा तास ते सुटणारं काम आहे. बाळ उठलं, गॅस बंद केला, पाजून आलात, पुन्हा गॅस लावला, काही बिघडत नाही. पण रस घट्ट व्हायला लागला, डाव फिरवल्यावर कढईचा तळ दिसायला लागला, की काम बदललं. आता गॅस बंद करून गेलात तरी कढईच्या उष्णतेनं खालचा थर करपतो आणि तो वास सगळ्या मालाला लागतो. शिवाय या वेळी रस उडतो. पाणी उडालं तर खाली ओघळतं, आटलेला रस कातडीला चिकटून बसतो आणि भाजत राहतो. म्हणजे एकच काम, त्याचा पहिला भाग सुटणारा आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटं न सुटणारी. ही वीस मिनिटं दिवसात कुठे पडतात, ते आदल्या रात्री ठरलेलं हवं.

भाजण्याचं निघालंच आहे तर सांगून टाकते. पोराला भाजलं तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. घड्याळ लावून वीस. टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही, बर्फ नाही. आणि मग दवाखाना.

बहुतेक घरांत ही न सुटणारी वीस मिनिटं दुपारच्या झोपेत टाकतात. दोन वर्षांचं पोर जेवलं की दीड तास झोपतं, तेवढ्यात आटवून घेऊ. इथेच फसतं. एक तर झोपेचा काही करार नसतो. मे महिन्यात पंखा बंद पडला की तिसाव्या मिनिटाला पोर घामानं उठतं. दुसरं म्हणजे सगळं मोठं काम त्या झोपेवर लादलेलं असतं, त्यामुळे ती मोडली की कामही मोडतं आणि मग राग पोरावर निघतो. पोराची काय चूक? दीड तासाच्या झोपेत पाऊण तासाचं काम धरा. आठ महिन्यांच्या बाळाच्या तुकड्या तुकड्यांच्या झोपेत तर लेबलं चिकटवण्यापलीकडे काही धरूच नका. आटवणं पहाटे. पाच वाजता कढई चढली की साडेसहाला उतरते. तेव्हा गारवा असतो, पोरं झोपेत असतात आणि घरातलं दुसरं माणूस अजून कामावर गेलेलं नसतं. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. न सुटणाऱ्या कामाच्या वेळी पोराला एक नेमलेलं माणूस हवं. 'घरात सगळे आहेत' म्हणजे कुणीच नाही. "आज साडेपाच ते साडेसहा बाबा" असं नाव घेऊन ठरवायचं.

आता आमसुलं बघा. रातांबे फोडले, साली वेगळ्या केल्या, बी आणि गर वेगळा. त्या गराच्या रसात मीठ घालून साली बुडवायच्या, वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. अशी चार-पाच पुटं दिली की रंग चढतो. फोडणं सुटणारं, वाळत घालणं सुटणारं, पुट देणंही सुटणारं. तासभर उशीर झाला तर आमसूल रुसत नाही. म्हणून ज्या घरात दोन वर्षांखालचं मूल आहे, तिथे पहिल्या वर्षी आंब्यापेक्षा कोकम करा, असं मी सांगते. हापूसला भाव जास्त, हे मलाही कळतं. पण आढीतला हापूस पिकला की दोन दिवसही थांबत नाही, आणि पोराला ताप त्याच दोन दिवसांत येतो.

कोकमातही एक काम न सुटणारं आहे. ढग. चार वाजता आभाळ भरून आलं की दहा मिनिटांत खळ्यातल्या सगळ्या ताटल्या आत यायला हव्यात, मग पोर कितीही रडो. यावर सोपा उपाय म्हणजे साली जमिनीवर चटईत पसरायच्याच नाहीत. दोन माणसं उचलतील अशा बांबूच्या किंवा जाळीच्या चौकटींवर घालायच्या. चटई गोळा करायला वीस मिनिटं लागतात, चौकटी पडवीत सरकवायला पाच.

पण याच कोकमात मला सर्वांत जास्त भीती ज्याची वाटते ते सांगते. टप. साली भिजवायचे, रसाचे, धुण्याचे टप. रांगणारं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल डोक्यानं जड असतं. टपात वाकलं की तोल जातो आणि त्याला परत उठता येत नाही. बुडायला चार बोटं पाणी पुरतं, आणि आवाज होत नाही. झाकण नुसतं ठेवायचं नाही, वर दगड ठेवायचा. काम झालेला टप उपडा घालायचा. बादलीही.

आता गुळगुळीत गोष्टी. रातांब्याची बी, काजूगर, जांभळाची बी हे सगळं नेमकं घशात अडकायच्या मापाचं असतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात अख्खा काजूगर द्यायचा नाही, आणि निवडायला बसताना सूप जमिनीवर नाही, टेबलावर. काजू फोडायचं युनिट घरात घालणार असाल तर मात्र माझं मत कडक आहे: ते राहत्या घरात नकोच. टरफलातल्या तेलानं मोठ्यांच्या हाताची सालं निघतात. लहान मुलानं ते टरफल तोंडात घातलं तर ओठ फोडानं भरतात. आंब्याच्या देठाचा चीकही तसाच, कमी प्रमाणात. आंबे आधी धुवायचे, मग पोरांच्या हातात.

आणि पांढऱ्या पुड्या. माल टिकवण्यासाठी केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, वापरता, सोडियम बेंझोएट वापरता. दोन्ही पांढरी पूड, दोन्ही साखरेसारखी दिसणारी, आणि बहुतेक घरांत साखरेच्याच फळीवर. वेगळा डबा, कुलूप, वर मोठ्या अक्षरात नाव. जाता जाता: कोकमाला केएमएस घालू नका, त्यानं लाल रंग उडतो. कोकमाला बेंझोएट. आणि केएमएसचा डबा उघडताना पोर कडेवर नको. त्या वाफेनं दम्याच्या मुलाला धाप लागते.

अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी एक गोष्ट. दूध काढून ठेवून कामाला बसता, चांगलं आहे. पण बाहेर चार तास टिकतं म्हणतात, ते पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत. आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघरात पंचवीस अंश पहाटेसुद्धा नसतात. काढलं की फ्रिजमध्ये, आणि वीज गेली असेल तर लगेच पाजून टाका.

मोठ्या पोरांचं काय, असं एका ताईंनी चिठ्ठीत विचारलंय. आठ-दहा वर्षांची पोरं मदत करतात, करू दे का? कायदा सांगतो की चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावायचं नाही. 2016 च्या दुरुस्तीत घरच्या उद्योगात शाळेनंतर किंवा सुट्टीत मदत करायला मुभा आहे, पण धोक्याचं काम नाही. आपल्यापुरतं ओळखायचं तर सुटणारं काम पोरांना चालेल, न सुटणारं कधीच नाही. लेबल चिकटवू दे, बुचं मोजू दे. कढई, सुरी, गरम बाटली नाही. आणि कंटाळा आला की उठायची मोकळीक हवी. उठायची मोकळीक नसेल तर ती मदत नव्हे, मजुरी झाली.

तीन ते सहाच्या मुलांना अंगणवाडी आहे. तेवढे सकाळचे तास सोन्यासारखे, त्यात गाळणं आणि बाटल्या भरणं बसवा. मात्र सुट्टीचं आधी विचारून ठेवा. फार उशिरा कळतं.

संयोजक घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं म्हणे. बरं. आता पत्रिकेवरचा विषय.

किंमत. समजा, कोकम सरबताच्या एका घाण्यात चाळीस बाटल्या निघतात. साल, साखर, बाटली, बूच, लेबल, गॅस हे तुम्ही लिहिताच. एक किलो सालीला दोन किलो साखर, तेव्हा साखरेचा भाव बदलला की हिशोब नव्यानं. फुटलेल्या आणि आंबलेल्या बाटल्यांसाठी शंभरात तीन-चार धरा. मग तुमचे तास. आणि मग ज्या रकान्यात रेघ मारता तो: पोराला सांभाळणारीचे तास. घाण्याला न सुटणारं काम चार तास, तासाला पन्नास रुपये धरले तर दोनशे. भागिले चाळीस. बाटलीमागे पाच रुपये. एवढंच. पाच रुपयांनी गिऱ्हाईक पळत नाही, पण ते लावले नाहीत तर हंगामाच्या शेवटी 'एवढं राबलो आणि राहिलं काय' असं होतं, आणि ते कुठे गेलं हेही कळत नाही. दुकानदाराचं कमिशन यावर धरायचं, आधी नाही.

कागद भराभर सांगते. अन्नपरवान्याचा चौदा अंकी नंबर लेबलवर हवाच. बॅच नंबर, तारीख, किती दिवसांत वापरायचं, निव्वळ वजन, घटक जास्तीपासून कमीकडे, हिरवी खूण, सर्व करांसह किंमत. उद्यम नोंदणी फुकट आहे, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. 2020 साली आलेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रावर पस्तीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाख अनुदान ठरलं, ते कर्जाला जोडून. आता ती कोणत्या टप्प्यावर आहे ते तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारा. आणि यंत्र घेताना पल्परचा, म्हणजे गर काढायच्या यंत्राचा, आवाज ऐकून घ्या. बाळ झोपेल का त्या आवाजात, हे दुकानातच कळतं.

शेवटचा प्रश्न, पहिल्या रांगेतून. सांभाळणारी घरचीच असेल, सासूबाई असतील, तर त्यांना पैसे कसे द्यायचे? त्या घेणार नाहीत, आणि "माझ्याच नातवाचे पैसे घेऊ काय गो?" असं म्हणून रागावतीलही. तरी वहीत त्यांच्या नावानं तास लिहा. हंगाम संपला की त्यांच्या पोस्टातल्या खात्यात भरा. त्यांचे गुडघे पुढच्या मे महिन्यात चालले नाहीत, तर दुसरी बाई ठेवायला किती लागेल, तो आकडा तयार असेल.