खरी वसुली कागदानं येते

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. मी सव्वीस वर्षं एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात नोकरी केली. थकलेल्या कर्जदाराच्या उंबऱ्यावर जाऊन उभं राहणं हेच माझं काम होतं. आज वसुलीच्या खोट्या फोनांबद्दल बोलायचं आहे, ते या कामाच्या आधारानं बोलणार आहे. आणि एक घरची गोष्ट सांगणार आहे. ज्याची आहे त्याला विचारून सांगते आहे.

गेल्या श्रावणात, दुपारी जेवणं आटोपत होती तेव्हा फोन वाजला. पलीकडून एक माणूस म्हणाला, "माई मावशी बोलताय ना?" मी हो म्हणाले. "तुमच्या भाच्यानं 48,000 रुपये कर्ज काढलंय. जामीन म्हणून तुमचं नाव आहे. आज पाचच्या आत भरा, नाहीतर पोलीस तुमच्या दारात येतील. कॉलनीतल्या सगळ्यांना कळेल."

मला जामीनकीचा कायदा पाठ आहे. कुणी तरी कुठल्या तरी फोनमधून माझा नंबर उचलला म्हणून मी जामीन होत नाही, त्याला माझी संमती लागते, हे मी शेकडो लोकांना समजावलेलं आहे. तरीही माझा हात थरथरत होता. कायदा डोक्यात असतो आणि "कॉलनीतल्या सगळ्यांना कळेल" हे वाक्य पोटात जातं.

दोन मिनिटांनी जरा सावरले तेव्हा लक्षात आलं की, मला "माई मावशी" म्हणणारं जगात एकच माणूस आहे. भाच्याच्या फोनमध्ये माझं नाव तसं लिहिलेलं आहे. म्हणजे या माणसाकडे कर्जाचा कागद नव्हता, माझ्या भाच्याचं फोनबुक होतं. मी विचारलं, "कर्जखात्याचा नंबर सांगा. मंजुरीची तारीख सांगा. जामीनपत्रावर मी सही कुठल्या शाखेत केली?" त्यावर आली ती शिवी. फोन बंद.

मग भाच्याला फोन लावला. बराच वेळ तो काही बोललाच नाही, आणि मग रडायला लागला. चोवीस वर्षांचा मुलगा. मोबाइलवरच्या एका अ‍ॅपवरून त्यानं 5,000 रुपये घेतले होते. हातात पडले 3,100. बाकीचे "प्रक्रिया शुल्क" म्हणून आधीच कापलेले. सातव्या दिवशी पूर्ण 5,000 परत द्यायचे. ते फेडायला दुसरं अ‍ॅप, दुसऱ्यासाठी तिसरं. अशी आठ अ‍ॅप्स झाली. 60,000च्या वर भरून झाले होते आणि मागणी थांबत नव्हती, कारण भरणारा माणूस सापडला की त्याला कुणी सोडत नाही. त्याचा फोटो भलत्याच चित्राला जोडून त्यालाच पाठवला होता, "हा उद्या सगळ्यांना जाईल" म्हणून.

तीन आठवडे तो झोपला नव्हता. घरात एका शब्दानं बोलला नव्हता. का? तर माझे मेहुणे आयुष्यभर अभिमानानं सांगत आले की, आपल्या घरावर कुणाचं एक रुपयाचं देणं नाही. अशा घरात "बाबा, मी कर्ज काढलंय" हे वाक्य कुठून सुरू करायचं?

मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे ते हेच. या फोनवाल्यांचं भांडवल आपली लाज आहे. सोयरीक जमवताना आपण हळूच विचारतो, "घरावर देणंबिणं नाही ना?" देणं म्हणजे डाग, असं आपण मुलांना न बोलता शिकवलेलं आहे. तो डाग झाकण्यासाठी माणूस पैसे देत राहतो, आणि जेव्हा द्यायला काही उरत नाही तेव्हा जिवाचं बरंवाईट करून घेतो. अशा बातम्या तुम्ही वाचल्या आहेत. मला त्या वाचवत नाहीत.

आता खरी वसुली कशी होते ते ऐका, कारण ती माहीत असली की खोटी लगेच ओळखू येते. हप्ता थकला की आधी शाखेतून आठवण जाते. 90 दिवस थकला की खातं अनुत्पादक होतं, म्हणजे बँकेच्या हिशेबात एनपीए. मग नोटीस जाते, पोस्टानं. सहकारी संस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली सहकार खात्याच्या निबंधकांकडे अर्ज होतो, तुम्हाला म्हणणं मांडायची संधी मिळते, मग वसुलीचा दाखला निघतो. आम्ही त्याला नुसतं "101चा दाखला" म्हणायचो. जप्ती त्याच्याही नंतर. घर तारण असेल आणि बँक 2002च्या सरफेसी कायद्यानं, म्हणजे कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायच्या वाटेनं गेली, तरी आधी 60 दिवसांची नोटीस द्यावीच लागते. माझ्या सव्वीस वर्षांत "आज पाचच्या आत" असं कुणाचं काही झालेलं मला आठवत नाही. खरी वसुली संथ असते, प्रत्येक पायरीला कागद असतो, त्यावर सही-शिक्का आणि जावक क्रमांक असतो, आणि भरलेल्या रकमेची पावती कर्जखात्यावरच मिळते. कुणा व्यक्तीच्या यूपीआयवर हप्ता भरून घेणारी बँक नसते.

पोलिसांचा धाक हा तर सरळ खोटेपणा आहे. नुसता हप्ता थकणं हा गुन्हा नाही, ती दिवाणी बाब आहे. चेक न वटण्याची गोष्ट वेगळी, तिथे फौजदारी खटला होऊ शकतो, पण तोही नोटिशीनंतर, कोर्टात. फोनवर पैसे भरून रद्द होणारं अटक वॉरंट भारतात अस्तित्वात नाही. "डिजिटल अरेस्ट" असा प्रकार आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. लोकअदालतीचं नाव घेऊनही घाबरवतात. तिथे दोन्ही बाजू राजी असतील तरच तडजोड होते, शिक्षा कुणालाच होत नाही.

रिझर्व्ह बँकेचे नियमही तुमच्या बाजूचे आहेत. ऑगस्ट 2022च्या परिपत्रकापासून वसुलीसाठी सकाळी 8च्या आधी आणि संध्याकाळी 7च्या नंतर फोन करता येत नाही. कर्जदाराच्या नातेवाइकांना, मित्रांना त्रास देता येत नाही, चारचौघांत अपमान करता येत नाही. हे खऱ्या कर्जाबद्दल आहे, लक्षात घ्या. खरं कर्ज बुडवणाऱ्यालासुद्धा हे संरक्षण आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डिजिटल कर्जांचे नियम आले. त्यात कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला तुमच्या फोनबुकाला, कॉलच्या नोंदींना, फोटोंना हात लावायची बंदी घातली, आणि ती आजही आहे. म्हणून अ‍ॅप उघडताक्षणी "कॉन्टॅक्ट्स पाहू द्या" असं विचारलं गेलं, तर तिथेच थांबा. रक्कम कितीही लहान असो.

आता भाच्याचं काय केलं ते सांगते. पहिल्यांदा त्याला आमच्या घरी बोलावून घेतलं आणि जेवायला वाढलं. मग दोघांनी मिळून एक संदेश लिहिला आणि त्याच्या फोनमधल्या सगळ्यांना पाठवला, आत्यापासून ऑफिसच्या साहेबांपर्यंत. तो मी तुम्हाला वाचून दाखवते. "माझ्या फोनमधले नंबर आणि फोटो चोरीला गेले आहेत. माझ्या नावानं तुम्हाला धमकीचे फोन किंवा खोटे फोटो येतील. उत्तर देऊ नका, पैसे देऊ नका, स्क्रीनशॉट काढून मला पाठवा." एवढंच. संदेश पाठवताना तो डोळे मिटून बसला होता. पहिलं उत्तर त्याच्या साहेबांचं आलं, "माझ्या मेव्हण्याला पण असंच झालं होतं. उद्या रजा हवी तर घे."

त्या रात्री फोनवाल्यांनी खरंच पंधरा-वीस जणांना फोटो पाठवले. काही झालं नाही. ज्यांना आधीच सांगितलं होतं त्यांना धमकावून काय मिळणार?

मेहुण्यांना मी सांगितलं नाही. त्यानंच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, मी शेजारी बसलेली असताना. ते खूप वेळ गप्प बसले. मग एवढंच म्हणाले, "मला आधी सांगायचंस." त्यांच्या आवाजात राग नव्हता.

मग कागदपत्रं. सगळे संदेश, नंबर, व्यवहार क्रमांक जपून ठेवले. रागाच्या भरात पुसून टाकू नका, तोच पुरावा असतो. पैसे गेले असतील तर 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, ताबडतोब. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो, वेळेत कळवलं तर वाटेत गोठवता येतो. उद्या सकाळी बघू म्हटलं की गेला. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पोलीस ठाणं कुठलंही चालतं, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. आणि न मागता कुणी तुमच्या खात्यात दोन-तीन हजार टाकले आणि "कर्ज फेडा" म्हणून मागे लागला, तर त्यानं दिलेल्या नंबरवर ते परत करू नका. बँकेला लेखी कळवा, पोच घ्या.

खरंच एखादं कर्ज थकलं असेल, तर शाखेत जा. नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. पासबुकावरचा वापरा. बँकेचा माणूस म्हणवणाऱ्याला अधिकारपत्र मागा. तुमच्या नावावर नेमकी कोणती कर्जं आहेत हे वर्षातून एकदा कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट माहिती कंपन्यांकडून फुकट बघता येतं, ते बघा. आणि शाखेत मान खाली घालून बसू नका. मी टेबलाच्या पलीकडे बसलेली आहे. स्वतःहून आलेल्या माणसाला हप्ते लांबवून देताना आम्हाला बरं वाटायचं, हे मनापासून सांगते.

मी अजून तासभर इथेच, देवघेवीच्या टेबलाशी बसणार आहे. फोनवर असं काही आलं असेल तर आणून दाखवा, नाव सांगायची गरज नाही. तरुण मुलांना माझ्याशी बोलायला अवघड वाटत असेल, तर शेवटच्या रांगेत निळ्या शर्टातला मुलगा बसलेला आहे, त्याच्याशी बोला. माझा भाचा. मी बोलावलं नव्हतं, तो स्वतःच आला आहे.