कोहिमा : शिध्यावर ठरलेली लढाई

मंडळी, आज या मालेतलं दुसरं पुष्प. विषय आहे हिंदुस्थान दुसऱ्या महायुद्धात कसा उतरला आणि त्या युद्धाचं आपल्या दारातलं पारडं कुठे फिरलं. आधी ‘उतरला’ हा शब्द मागे घेतो. आपण उतरलो नाही, आपल्याला उतरवलं गेलं.

३ सप्टेंबर १९३९, रविवार. व्हाईसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी जाहीर केलं की सम्राटांचं जर्मनीशी युद्ध सुरू झालं आहे आणि अर्थातच हिंदुस्थानही युद्धात आहे. झालं. चाळीस कोटींच्या आसपास लोकसंख्येचा देश युद्धात गेला आणि त्यासाठी एकाही हिंदी माणसाचं मत घेतलं गेलं नाही. त्याच आठवड्यात साम्राज्यात इतरत्र काय चाललं होतं ते पाहा. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत रणकंदन झालं. पंतप्रधान हर्टझॉग यांना तटस्थ राहायचं होतं, स्मट्स यांना लढायचं होतं. मतदान झालं, ८० विरुद्ध ६७, आणि हर्टझॉग यांची खुर्ची गेली. कॅनडाने आठवडाभर थांबून, संसदेत चर्चा करून १० सप्टेंबरला स्वतःचं युद्ध स्वतः पुकारलं. आणि आपल्याकडे? केंद्रात विधिमंडळ होतं, अकरा प्रांतांत निवडून आलेली मंत्रिमंडळं होती, त्यातली आठ काँग्रेसची. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर मुख्यमंत्रिपदी होते, तेव्हाच्या भाषेत पंतप्रधान. यांपैकी कोणाला विचारावं असं लिनलिथगोंना वाटलं नाही. कायद्याने त्यांचं काही चुकलं नव्हतं, हेही सांगायला हवं. १९३५च्या कायद्यात संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार व्हाईसरॉयच्याच मुठीत होते. पण विचारलं असतं तर निदान काही लोक ‘हो’ म्हणाले असते, आणि ते ‘हो’ पुढे फार उपयोगी पडलं असतं. ती संधी त्या माणसाने एका घोषणेत घालवली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, २२ डिसेंबरला मुस्लिम लीगने काँग्रेसची सरकारं गेली म्हणून मुक्तिदिन पाळला. आपल्या महाराष्ट्रात तर एकाच वेळी तीन वाटा दिसतात. काँग्रेसवाले सत्याग्रह करून तुरुंगात चालले होते. सावरकर सांगत होते, पलटणीत भरती व्हा, बंदूक हाती घ्या, पुढे ती कोणाकडे वळवायची ते पाहू. आणि डॉ. आंबेडकर पहिल्या महायुद्धानंतर मोडून टाकलेली महारांची पलटण पुन्हा उभी करण्यासाठी सरकारच्या मागे लागले होते. १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. कोण बरोबर आणि कोण चूक हा वाद आज इथे उकरायचा नाही, नाहीतर आपण कोहिमापर्यंत पोचणारच नाही.

आणि या सगळ्या गदारोळात भरती मात्र चालूच होती. १९३९ला सुमारे दोन लाखांची फौज, १९४५ला पंचवीस लाखांची. सक्तीची भरती नव्हती. आता, स्वेच्छेने म्हणजे किती स्वेच्छेने, हा प्रश्न रास्त आहे. कोकणातल्या घरात महिन्याची मनीऑर्डर येणार असेल, पोराला दोन वेळचं पोटभर मिळणार असेल, तर ‘हे युद्ध कोणाचं’ हा प्रश्न कोण विचारत बसणार?

पहिली दोन वर्षं युद्ध दूर होतं. आपली माणसं लढत होती ती एरिट्रियात केरेनच्या डोंगरात, लिबियाच्या वाळवंटात. मग डिसेंबर १९४१मध्ये जपान आला आणि तीन महिन्यांत सगळं कोसळलं. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं, ८ मार्चला रंगून. ६ एप्रिलला विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले. ब्रह्मदेशातून इंग्रजांची फौज मागे हटली ती सुमारे सोळाशे किलोमीटर, हिवतापाने खंगलेली, चिंध्या झालेली. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, आणि त्यात सरकारी धोरणांची भर पडून १९४३ला बंगालमध्ये दुष्काळ आला. मृतांचे आकडे वीस लाखांपासून तीस लाखांपर्यंत सांगितले जातात. म्हणजे रणांगणावर आपले जितके सैनिक पडले त्याच्या कित्येक पट माणसं कलकत्त्याच्या फुटपाथवर आणि बंगालच्या खेड्यांत अन्नावाचून गेली. अन्न हा शब्द लक्षात ठेवा. आजचं सगळं व्याख्यान त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

ब्रह्मदेशातून हरून आलेल्या त्या फौजेत विल्यम स्लिम नावाचा सेनापती होता. पुढे चौदावी आर्मी त्याच्या हाती आली. स्लिमने पराभवाचा अभ्यास केला. जपानी दरवेळी एकच करत होते : जंगलातून वळसा घालून पाठीमागे यायचे, रस्ता तोडायचे, आणि रसद तुटली की इंग्रजांची फौज घाबरून मागे पळायची. स्लिमने नियम उलटा केला. पाठीमागे जपानी आले तर पळायचं नाही. जिथे आहात तिथे गोल मोर्चा बांधून बसायचं. शिधा, दारूगोळा, औषधं विमानातून येतील. फेब्रुवारी १९४४मध्ये ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, आराकानात, हे पहिल्यांदा जमलं. वेढलेली फौज हलली नाही, आणि वेढा घालणारेच उपाशी मागे गेले.

समोर होते जनरल मुतागुची. १९३७ला चीनमध्ये मार्को पोलो पुलाजवळ ज्या चकमकीतून जपान-चीन युद्ध पेटलं, तिथे हे गृहस्थ रेजिमेंटचे प्रमुख होते. त्यांची समजूत अशी की हे युद्ध आपण सुरू केलं, तेव्हा संपवायचंही आपणच. बेत असा : तीन डिव्हिजन घेऊन चिंदविन नदी ओलांडायची, मणिपूरमधलं इम्फाळ घ्यायचं, कोहिमा घेऊन इम्फाळला रसद पोचवणारा दिमापूरचा रस्ता तोडायचा. सुमारे ८५ हजार माणसं. आणि शिधा किती? तीन आठवड्यांचा. कारण तीन आठवड्यांत इम्फाळची गोदामं हाती येणारच होती! बरोबर हजारो गुरं हाकत नेली, ओझी वाहायला आणि वाटेत कापून खायला. त्यातली कितीतरी चिंदविनमध्ये बुडाली, कितीतरी डोंगरकड्यांवरून गेली. पानिपतावर भाऊंच्या छावणीची अन्नान्नदशा कशी झाली ते आपल्याकडे शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. पण भाऊंची रसद शत्रूने तोडली. मुतागुचींनी ती निघतानाच सोबत घेतली नव्हती.

८ मार्च १९४४ला हल्ला सुरू झाला. स्लिमचाही अंदाज एका ठिकाणी साफ चुकला. कोहिमावर फार तर एक रेजिमेंट येईल असं तो धरून बसला होता. आली पुरी ३१वी डिव्हिजन, जनरल सातोंची. वाटेत उखरुलच्या अलीकडे सांगशाक नावाचं गाव आहे. तिथे ५०व्या पॅराशूट ब्रिगेडने त्यांना अडवलं, आणि तिच्याबरोबर आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. टेकडी खडकाळ, खंदक खणता येईना, पाणी नाही, आणि विमानातून टाकलेल्या छत्र्यांपैकी कितीतरी वाऱ्याने जपान्यांकडे. तरी २६ मार्चच्या रात्रीपर्यंत ते टिकले. मेलेल्या एका जपानी अधिकाऱ्याच्या अंगावर नकाशा सापडला, त्यात कोहिमावरच्या चालीचा सगळा बेत. त्याची नक्कल वेढ्यातून चोरून इम्फाळला पोचवली गेली. सांगशाकला जे दिवस गेले ते मुतागुचींच्या तीन आठवड्यांच्या हिशोबातून गेले, हे विसरू नका.

आता कोहिमा. सुमारे चौदाशे मीटर उंचीवरचं नागा लोकांचं गाव, दिमापूर-इम्फाळ रस्त्याच्या खिंडीत. ज्या टेकड्यांवर लढाई झाली त्यांची नकाशावरची नावं गमतीची आहेत. कुठे ‘फील्ड सप्लाय डेपो’, कुठे ‘डेली इश्यू स्टोअर’, कुठे तुरुंगाची टेकडी. म्हणजे शिधा साठवायच्या आणि रोजचा शिधा वाटायच्या जागा! कोठीच्या टेकड्याच रणांगण झाल्या. आणि कोठी राखायला कोण? लढणारे दीड हजाराच्या आसपास, बाकी स्वयंपाकी, कारकून, ड्रायव्हर, दवाखान्यातले रुग्ण. कर्नल रिचर्ड्स शिबंदीचे प्रमुख. रॉयल वेस्ट केंट, आसाम रेजिमेंट, आसाम रायफल्स. तीनेक किलोमीटरवर जोत्सोमाला १६१व्या हिंदी ब्रिगेडच्या बाकीच्या पलटणी आणि त्यांचा तोफखाना. तेही वेढलेले, पण त्या तोफांनीच कोहिमा जिवंत ठेवलं.

४ एप्रिलला वेढा पडला. डेप्युटी कमिशनर पॉसी यांचा बंगला मध्यावर, बंगल्याला लागून टेनिसचं मैदान. एका कडेला शिबंदी, दुसऱ्या कडेला जपानी. मध्ये अंतर मैदानाच्या रुंदीइतकं. जिथून चेंडू मारायचा तिथून हातबॉम्ब फेकले जात होते. पाण्याचे साठे जपान्यांच्या हाती गेले, मग बंगल्यामागे एक बारीक झरा सापडला. रात्री रांगत जाऊन त्यातून पाणी आणायचं. जखमींना ठेवायला जागा नव्हती, उघड्या चरांत पडून ते पुन्हा जखमी होत होते. मे महिन्यात कुमकेला आलेल्या डिव्हिजनच्या इंजिनिअरांनी डोंगर कापून वाट केली, एक रणगाडा उतारावरून घसरत मैदानात उतरवला आणि अगदी पुढ्यातून जपानी बंकरवर तोफ डागली. तो दिवस १३ मे. टेनिस कोर्ट तेव्हा मोकळं झालं. आज तिथे युद्धस्मशान आहे. १,४२० कबरी, आणि ज्यांना अग्नी दिला त्या ९१७ हिंदू-शीख सैनिकांसाठी वेगळं स्मारक. टेनिस कोर्टाच्या रेषा मुद्दाम आखून ठेवल्या आहेत.

पण मी पुढे गेलो. मूळ शिबंदीची सुटका १८ एप्रिलला पंजाब रेजिमेंटची माणसं पोचली तेव्हा सुरू झाली आणि २० तारखेला पुरी झाली. नागा लोकांबद्दल दोन शब्द बोललंच पाहिजे. त्यांनी जखमी वाहिले, दारूगोळा वाहिला, बातम्या आणल्या. त्यांची गावं जळाली ती मात्र दोन्ही बाजूंच्या तोफांनी.

याच काळातली १४ एप्रिल ही तारीख पाहा. कोहिमाचा वेढा ऐन भरात. त्या दिवशी इम्फाळच्या दक्षिणेला मोइरांगला आझाद हिंद फौजेच्या कर्नल शौकत मलिक यांनी तिरंगा फडकवला. आणि त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास इथे मुंबईत व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकाइन’ जहाज उडालं. जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, वर कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. जपान्यांनी हल्ला केला असं मुंबईकरांना वाटलं. जपानी तिथून किती लांब, मणिपुरात, डोंगरात उपाशी चालले होते! मोइरांगच्या झेंड्याखाली हिंदी सैनिक, समोरच्या खंदकांतही हिंदी सैनिक. आझाद हिंद फौजेचे एक प्रमुख सेनाधिकारी जगन्नाथराव भोसले हे सावंतवाडीकडचे. सांगशाकच्या टेकडीवर मराठा पलटणीत त्यांच्या मुलखातली पोरं नसतील असं मला वाटत नाही. इम्फाळ-कोहिमाचा पोवाडा आपल्याकडे कोणी का गात नाही, याचं उत्तर मला इथे दिसतं. कोणाच्या बाजूने गायचा?

इम्फाळमध्ये दीड लाखाच्या आसपास माणसं वेढलेली होती. पण आकाश स्लिमचं होतं. १९ मार्चपासून आराकानातली ५वी हिंदी डिव्हिजन माणसं, तोफा, खेचरं यांसकट विमानांनी इम्फाळला आणली. लढाईत गुंतलेली अख्खी डिव्हिजन एका आघाडीवरून दुसरीकडे उडवत नेण्याची ही पहिलीच वेळ. वेढ्याच्या काळात सुमारे १९ हजार टन माल विमानांनी आला, आणि परतीच्या फेरीत जखमी आणि न लढणारी माणसं गेली. मुतागुचींना २९ एप्रिलला, सम्राटांच्या वाढदिवसाला, इम्फाळ हवं होतं. तो दिवस गेला, मेचा पाऊस आला.

सातोंनी मे महिन्यात वरिष्ठांना निक्षून कळवलं की माणसं उपाशी आहेत, शिधा द्या, नाहीतर मी मागे जातो. शिधा आला नाही. महिनाअखेरीला त्यांनी हुकूम धुडकावून डिव्हिजन मागे घेतली. जपानी फौजेत ही अघटित गोष्ट. मुतागुचींनी तर तिन्ही डिव्हिजनचे सेनापती एकामागून एक बदलले. सातो म्हणाले, माझ्यावर खटला चालवा, मग सांगतो कोणाचं चुकलं. खटला नको म्हणून त्यांना वेडं ठरवलं! २२ जूनला कोहिमाकडून येणारी फौज आणि इम्फाळची फौज १०९व्या मैलाच्या दगडाजवळ भेटली. जपानचे सुमारे ५५ हजार मारले गेले किंवा जायबंदी झाले, त्यातले फार मोठ्या प्रमाणात भुकेने आणि आजाराने. दुसऱ्या बाजूचे सुमारे १७ हजार.

त्यानंतर जपान मागेच हटत राहिला. आणि जी फौज पुढे गेली ती १९३९ची उरली नव्हती. जानेवारी १९४५मध्ये आराकानात कांगॉला एका ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते : थिमय्या, एल. पी. सेन आणि आपले कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात. तिघांनाही त्या लढाईत डीएसओ हा लष्करी सन्मान मिळाला. १९३९ला हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली लढाईत पलटण देण्याची कल्पनाही इंग्रजांना सहन झाली नसती.

आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, लाल किल्ल्यात, त्याच फौजेने आझाद हिंद फौजेत गेलेल्या आपल्याच जुन्या अधिकाऱ्यांवर राजद्रोहाचा खटला भरला. शाहनवाज खान, सहगल, धिल्लन. तिथे न्यायाधीशांच्या बाकावरही हिंदी अधिकारी होते आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही. उद्या तो खटला घेऊ. वेळ हीच, सव्वासहा.