दिसायला एकच ‘ॲ’

कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय ‘उच्चशिक्षणात तंत्रज्ञान आणि अध्यापकाची भूमिका’. भूमिकेकडे वळूच. आधी एका अक्षराची तक्रार ऐकून घ्या. ती ऐकून घेणारा वर्ग अध्यापकांच्या उजळणी वर्गाशिवाय कुठे मिळत नाही.

अक्षर आहे ‘ॲ’. रसायनशास्त्राचे अध्यापक मूडलवर, म्हणजे ऑनलाइन वर्ग आणि चाचण्या चालवणाऱ्या प्रणालीवर, चाचणी लावतात. व्हिनेगरमध्ये कोणतं आम्ल असतं? प्रश्नप्रकार ‘शॉर्ट आन्सर’, उत्तर ‘ॲसेटिक’. विद्यार्थिनी मोबाइलवर ‘अॅसेटिक’ लिहिते आणि तिला मिळतो भोपळा. पडद्यावर दोन्ही शब्द जुळ्या बहिणी. सर म्हणतात, मूडल बिघडलं. मूडल ठणठणीत असतं.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, देवनागरीच्या मुख्य कप्प्यात १२८ जागा आहेत. त्यात ‘ॲ’ला स्वतःचं घर मिळालं २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोवर लोक ‘अ’च्या डोक्यावर चंद्र ठेवून भागवत होते, आणि अजूनही भागवतात. काही ठिकाणी ‘अ’ आणि चंद्राच्या मध्ये एक अदृश्य जोडचिन्हही बसलेलं असतं. म्हणजे एक अक्षर, लिहायच्या तऱ्हा तीन. हिंदी कीबोर्डवरचा ‘ऍ’ हा चौथा पाहुणा, पण तो निदान डोळ्यांना वेगळा दिसतो.

मूडल उत्तर ताडून बघण्याआधी थोडी झाडलोट करतं, हे खरं. ‘र’ला नुक्ता (खालचा टिंब) देऊन केलेला ‘ऱ’ आणि अखंड ‘ऱ’ त्याला एकच वाटतात. ‘ॲ’ला मात्र ही सवलत नाही, कारण ‘ॲ म्हणजे अ अधिक चंद्र’ अशी नोंद युनिकोडच्या कोष्टकात नाहीच. अदृश्य जोडचिन्हही ही झाडलोट काढत नाही. (मराठी व्याकरणात न दिसणाऱ्या गोष्टींवरून गुण कापायची प्रथा जुनीच, यंत्राने ती फक्त पुढे चालवली.)

उपाय साधा आहे. उत्तराच्या चौकटीत ‘*सेटिक*’ लिहा; ताऱ्याच्या जागी काहीही चालतं. पण तारा सैल सोडू नका. ‘*क्साइड’ लिहिलंत तर डायऑक्साइड आणि मोनॉक्साइड दोघांनाही पूर्ण गुण जातील, आणि त्याबद्दल एकही विद्यार्थी तक्रार घेऊन येणार नाही. तारा नको असेल तर प्रत्येक रूप वेगळ्या उत्तराच्या ओळीत भरा. इथे हमखास घसरतं ते हे: नव्या ओळीचे गुण मुळात ‘नन’वर, म्हणजे ‘काही नाही’वर, असतात. ते १०० टक्के केले नाहीत, तर उत्तर जुळूनही शून्यच. चाचणी होऊन गेली असेल तर दुरुस्तीनंतर ‘रीग्रेड’ दाबा, गुण पुन्हा मोजले जातील. संख्येच्या प्रश्नात २५ देवनागरीत लिहिलं तर मूडलला ती संख्याच वाटत नाही. अंक इंग्रजीत लिहा, अशी सूचना प्रश्नातच द्या.

जुन्या नोट्सचं दुखणं वेगळं. श्रीलिपी किंवा आयएसएम या युनिकोडआधीच्या टंकलेखन-प्रणालींच्या जुन्या फाँटमधला मजकूर थेट चिकटवला की रोमन अक्षरांची भेळ होते. युनिकोड करून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा, पण मग पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फाँटात वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षरापाशी कन्व्हर्टर तिथेच चुकतो. प्रश्नांची फाइल नोटपॅडमध्ये ‘आन्सी’ या जुन्या पद्धतीत जतन केलीत तर सगळी प्रश्नचिन्हंच उरतील. युनिकोड सांभाळणारं यूटीएफ-८ निवडा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भूमिका.

‘ते संगणक विभाग बघेल’ हे वाक्य सोडा, एवढंच म्हणायचंय. संगणक विभाग सर्व्हर चालू ठेवील. ‘ॲसेटिक’ बरोबर की चूक हे तुम्हालाच ठरवायचंय. चाचणीनंतर मूडलमधलं ‘स्टॅटिस्टिक्स’ उघडा. ‘फॅसिलिटी इंडेक्स’ म्हणजे त्या प्रश्नाला वर्गाने सरासरी किती टक्के गुण मिळवले ते. ‘डिस्क्रिमिनेशन इंडेक्स’ उणे आला, म्हणजे हुशार मुलं चुकली आणि बाकीची तरली, तर मुलांना बोलण्याआधी आपली उत्तरसूची बघा. स्वयंम या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरून ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घ्यायची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२१ साली दिली, त्याबद्दल बोलायचं राहिलंच. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालातल्या आयसीटीच्या, म्हणजे माहिती-तंत्रज्ञानाच्या, रकान्याबद्दल न बोललेलंच बरं.

बाहेर चहा लावलाय. रांगेत उभे असाल तेव्हा मोबाइलवर ‘ॲ’ टाइप करा आणि बॅकस्पेस एकदाच दाबा. अक्षर सबंध गेलं, तर बहुतेक एकच चिन्ह होतं. नुसता चंद्र उडून ‘अ’ मागे राहिला, तर तुमच्याच हातून चाचणीत विद्यार्थ्याचा गुण जाईल.