पाण्याखाली दम धरायचा नसतो

नमस्कार श्रोतेहो.

विहिरीत पोहायला शिकलेली माणसं आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. काटोल, सावनेर, उमरेड, कुठल्याही बाजूला जा, पाठीला डबा बांधून काकांनी विहिरीत ढकललं होतं असं सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच. त्या विहिरींवर एक पैज हमखास लागायची. बुडी मारून तळाची माती कोण वर आणतो आणि पाण्याखाली सगळ्यांत जास्त वेळ दम कोण धरतो. पाण्यात डोकं गेलं की श्वास रोखायचा, ही गोष्ट आपल्या अंगात इतकी मुरलेली असते की ती कुणी शिकवली होती हेही आठवत नाही.

स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाणं, शिकायला गेलात की पहिल्याच दिवशी ही सवय मोडावी लागते. तिथला पहिला नियम उलटा आहे. श्वास कधीही रोखायचा नाही. मासा दिसला, डोळे आणि नाक झाकणाऱ्या मास्कमध्ये पाणी शिरलं, भीती वाटली, काहीही झालं तरी घ्या, सोडा, घ्या, सोडा. आजच्या बोलण्यात मला मुख्यतः या एका नियमाबद्दलच सांगायचं आहे, कारण तो नीट समजला की बाकीचं बरंचसं आपोआप समजतं, आणि त्याची तयारी समुद्रापासून इतक्या लांब, इथे नागपुरात बसूनही करता येते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. बॉईलचा नियम, म्हणजे तापमान कायम असेल तर वायूवरचा दाब दुप्पट केल्यावर त्याचं आकारमान निम्मं होतं, हा १६६२ सालापासून पुस्तकात असलेला नियम मी फळ्यावर कितीदा तरी लिहिला आहे. पण तो मला खरा कळला समुद्रात, स्वतःच्या कानांत. समुद्रसपाटीला आपल्यावर हवेचा एक वातावरण इतका दाब असतो. समुद्रात दहा मीटर खाली गेलं की पाण्याचा तेवढाच दाब त्यात मिळतो आणि दोन वातावरण होतात. वीस मीटरला तीन, तीस मीटरला चार. आता फुफ्फुसांचा विचार करा. दहा मीटर खोलीवर तुम्ही सिलिंडरमधून सहा लिटर हवा छातीत भरून घेतली, दम धरला आणि तसेच पृष्ठभागावर आलात, तर त्या सहा लिटर हवेला बारा लिटर जागा लागेल. एवढी जागा छातीत नाही. फुफ्फुसाला इजा होते आणि ती जिवावर बेतू शकते. विहिरीतल्या मुलाला हा धोका नसतो, कारण तो वरची हवा घेऊन खाली जातो. ती खाली आवळते आणि वर आल्यावर पहिल्याइतकी होते. दाबाखालची हवा खालीच छातीत घेणाऱ्याचा हिशेब वेगळा आहे.

यातला एक मुद्दा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वीस मीटरवरून दहावर येताना हवा दीडपट होते, पण दहावरून पृष्ठभागावर येताना दुप्पट. म्हणजे वरचे थर जास्त जपण्याचे. पोहण्याच्या तलावात, दोन मीटर पाण्यात, सिलिंडर लावून सराव करतानाही छाती भरून दम धरला आणि झपकन वर आलं तर इजा होऊ शकते. ‘इतकंसं तर पाणी आहे’ असं म्हणून हा नियम सैल करू नये.

फुफ्फुसांच्या आधी हा दाब कान सांगतात. मीटरभर खाली गेलं की कानाला दडे बसल्यासारखं होतं. तिथेच थांबायचं, नाक चिमटीत धरायचं आणि बंद नाकात हलकेच फुंकर घालायची. कानात बारीकसा आवाज होतो, दडा सुटतो, मग पुढे उतरायचं. थोड्या थोड्या अंतरावर हे करत राहायचं, आणि दुखायला लागायच्या आधी करायचं. नाही सुटला तर जोर लावायचा नाही. थोडं वर यायचं आणि पुन्हा बघायचं. सर्दी झालेली असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका. नाक मोकळं करणारं औषध घेऊन तर नकोच. औषधाचा अंमल पाण्याखाली असतानाच ओसरला तर वर येताना हवा आत अडकते. एवढ्या लांब प्रवास करून, पैसे भरून गेलेल्या माणसाला किनाऱ्यावर बसून राहणं किती जड जातं हे मला माहीत आहे. तरीही बसावं.

पाण्याखाली आपण श्वास घेऊ शकतो तो रेग्युलेटरमुळे, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात आणून देणाऱ्या उपकरणामुळे. जाक कुस्तो हे फ्रेंच नौदलातले अधिकारी आणि एमिल गान्यां हे अभियंते, या दोघांनी १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, तो आजच्या स्वरूपाच्या जवळ आणला. पेट्रोलची टंचाई होती म्हणून गान्यां यांनी मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एक झडप तयार केली होती. तीच कल्पना पुढे माणसाच्या श्वासाच्या कामी आली. सिलिंडरमधली हवा प्रचंड दाबाखाली असते. रेग्युलेटर ती तुमच्या भोवतीच्या पाण्याच्या दाबाइतकी करून, तुम्ही ओढाल तेव्हाच आणि ओढाल तेवढीच देतो. सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन असतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. साधारण आपण इथे घेतो तीच हवा, गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली असते.

ती किती वेळ पुरते? अकरा लिटरचं सिलिंडर दोनशे बार दाबाने (एक बार म्हणजे जवळजवळ एक वातावरण) भरलं तर त्यात सुमारे बावीसशे लिटर हवा मावते. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर हवा वापरतो असं धरा. दहा मीटरला प्रत्येक श्वासात दुप्पट हवा जाते, म्हणजे मिनिटाला चाळीस लिटर. पन्नास बार राखीव ठेवून वर यायचं असतं, म्हणजे वापरायला उरली साडेसोळाशे लिटर. भागाकार केला की चाळीस मिनिटं येतात. घाबरलेला माणूस हीच हवा वीस मिनिटांत संपवतो. म्हणून शिकवणारे सारखे सांगतात, श्वास लांब घ्या, सावकाश सोडा.

आता नागपुरात काय करता येईल ते सांगते. नुसता अनुभव घ्यायचा असेल तर पोहता येण्याची अट सहसा नसते. पण रीतसर शिकून प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर न थांबता दोनशे मीटर पोहता यायला हवं आणि कशाचाही आधार न घेता दहा मिनिटं तरंगता यायला हवं. वेगाचं बंधन नाही. ही तयारी शहरातल्या कुठल्याही पोहण्याच्या तलावावर होते. उन्हाळ्यात आपल्याकडे सगळे तलाव भरलेले असतातच. दुसरी गोष्ट म्हणजे एक स्नॉर्केल, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायची नळी, विकत घ्या, उथळ बाजूला उभे राहा आणि डोळ्यांवर मास्क न लावता चेहरा पाण्यात घालून फक्त तोंडाने श्वास घ्या. सुरुवातीला नाकात पाणी जाईल, ठसका लागेल. थोड्या दिवसांत नाक आपोआप गप्प राहायला शिकतं. समुद्रात नवशिक्यांची खरी तारांबळ मास्कमध्ये पाणी शिरल्यावर उडते, आणि ज्याला नाक बंद ठेवून तोंडाने श्वास घेता येतो त्याची ती उडत नाही. मग मान थोडी वर करायची, मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची आणि नाकाने हवा सोडायची. पाणी खालून निघून जातं.

तिसरी गोष्ट, डॉक्टरांना भेटून घ्या. दमा, हृदयविकार, फेफरं, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यांविषयी शिकवणारे लेखी विचारतात. तिथे खरं उत्तर द्या. कानांविषयी शंका असेल तर इथेच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून जा. तिकडे पोहोचल्यावर कळण्यापेक्षा ते बरं.

आणि माझ्या वयाच्या बायकांसाठी एक शब्द. पोहण्याच्या कपड्यांचा संकोच हे न जाण्याचं कारण म्हणून मी पुष्कळ जणींच्या तोंडून ऐकलं आहे. डायव्हिंगचा वेटसूट बहुधा गळ्यापासून पायापर्यंत असतो. तो थंडीसाठी असतो, कारण पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं.

आपल्या राज्यात स्कूबासाठी लोक जातात ते मालवण आणि तारकर्लीला. कुडाळपर्यंत रेल्वे, पुढे रस्ता. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबाचं प्रशिक्षण केंद्र आहे. पण मालवणात बहुतेक पर्यटक जे करतात ते शिकणं नव्हे. थोडा वेळ, काही मीटर पाण्यात, मार्गदर्शक मागून सिलिंडर धरून तुम्हाला फिरवतो, मासे दाखवतो, फोटो काढतो. त्यात वाईट काही नाही. समुद्राची पहिली ओळख म्हणून मी तो अनुभव घ्यायलाच सांगेन. माझं म्हणणं इतकंच की तेव्हाही पाण्यात उतरण्याआधी श्वासाचा नियम, कानांचं तंत्र आणि हाताच्या खुणा कुणी शांतपणे समजावून सांगत नसेल तर मागून घ्या. खुणांमध्ये एक फसवी आहे. अंगठा वर केला की आपल्याकडे ‘झकास’, पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर जायचंय’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल दाखवायचा.

खरं शिकायचं असेल तर काही दिवस हाताशी ठेवा. आधी अभ्यास, मग उथळ पाण्यात सराव, मग समुद्रात डाईव्ह. पहिल्या प्रमाणपत्रावर अठरा मीटरपर्यंत जाता येतं. मुलांना दहाव्या वर्षापासून शिकता येतं. पावसाळ्यात तिकडे सगळं बंद असतं आणि मे महिन्यात समुद्र बिघडू लागतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीपेक्षा दिवाळीनंतरचे दिवस चांगले.

खाली काय दिसतं? रंग बदललेले दिसतात, हे मी सगळ्यांत आधी सांगेन. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच पाणी शोषून घेतं, मग नारिंगी, मग पिवळा. लाल पट्ट्यांचा मासा करडा वाटतो, आणि मार्गदर्शकाने टॉर्च लावला की त्याच माशावर रंग उमटतात. सगळं तिसऱ्या हिश्शाने मोठं भासतं, आणि आहे त्यापेक्षा जवळही. आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने येतो, त्यामुळे होडी कुठल्या बाजूला आहे हे कानांना ठरवता येत नाही. वर बघूनच ठरवावं लागतं. आणि अंगावर बांधलेली वजनं व हवा भरता-सोडता येणाऱ्या जाकिटातली हवा यांचा मेळ बसला की माणूस तरंगतही नाही, बुडतही नाही, आहे तिथे राहतो. श्वास घेतला की बोटभर वर, सोडला की बोटभर खाली. मला शिकताना सर्वांत आवडलेला क्षण तो होता. त्या वेळी आजूबाजूला एकही मासा नव्हता.

मालवणचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथल्या खडकांवर प्रवाळ आहेत आणि त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पेंचच्या जंगलात जिप्सीतून खाली उतरायचं नसतं हे आपल्या नागपूरच्या लहान मुलालाही माहीत असतं. इथेही तसंच वागायचं. हात लावायचा नाही, पाय टेकायचा नाही, काही उचलून आणायचं नाही. पायात घातलेल्या फिनच्या, म्हणजे पोहण्याच्या पंखाच्या, एका फटक्याने मोडलेला प्रवाळ पुन्हा तेवढा वाढायला वर्षं लागतात.

आता परतीचं, कारण आपला परतीचा रस्ता घाटातून जातो. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो. वर येताना दाब झटकन उतरला तर तो बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो आणि सांध्यांना, मज्जारज्जूला इजा करतो. जॉन हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०८ साली यावरचे तक्ते प्रसिद्ध केले आणि सावकाश, टप्प्याटप्प्याने वर येण्याला शास्त्र मिळालं. आज मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर येऊ नये असं शिकवतात, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायला लावतात. पण थोडा नायट्रोजन अंगात राहतोच. म्हणून एका डाईव्हनंतर किमान बारा तास आणि लागोपाठ अनेक डाईव्ह केले असतील तर किमान अठरा तास विमानात बसू नये. गोव्याहून विमानाने परतणाऱ्यांनी हे तिकीट काढतानाच बघावं.

विमानाचं पुष्कळांना ठाऊक असतं, घाटाचं नसतं. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचावर आहे. उंच गेलं की हवेचा दाब उतरतो, मग गाडीने गेलं तरी शरीराला तेच. सकाळी मालवणला डाईव्ह, दुपारी जेवून गाडी काढायची आणि संध्याकाळी आंबोली चढून कोल्हापूर गाठायचं, हा बेत आपल्याकडचे लोक सर्रास करतात, कारण पुढे नागपूर लांब असतं. तो करू नका. शेवटच्या डाईव्हनंतर रात्र मालवणातच काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी होडीने सिंधुदुर्ग किल्ला बघून घ्या, दुपारचं जेवण करा आणि मग निघा.

नमस्कार.