मधल्या रेषेवरचा पाय

मुलांनो, पालकहो, मागं दाराशी उभे आहात त्यांनीही पुढं या. जागा आहे.

बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, आपल्याकडच्या पोरांना बास्केटबॉलच्या आधी कबड्डी कळते. म्हणून मी कबड्डीपासून सुरुवात करतो. चढाईला गेलेल्या गड्याचा सगळा जीव परत येण्यात असतो. चौघांनी धरून ठेवलं तरी त्याचं बोट मधल्या रेषेला टेकलं की तो सुटला. बास्केटबॉलची मधली रेष नेमकी उलट वागते. चेंडू घेऊन पलीकडं गेलात की परतीची वाट बंद. बुटाचं टोक रेषेला लागलं तरी चेंडू समोरच्यांचा. ५ सेंटिमीटर रुंदीची ती अख्खी पट्टी मागच्या अंगणात, म्हणजे आपण राखतो त्या बास्केटकडच्या अर्ध्यात, बॅककोर्टमध्ये धरतात. आपल्या सिमेंटच्या कोर्टांवर पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि दिवाळीपर्यंत हीच रेष पुसट होते. शाळेत रंगाचा डबा आला तर आधी ती रंगवा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

असा नियम हवाच कशाला? पूर्वी पुढं असलेला संघ सगळ्या मैदानभर चेंडू फिरवत वेळ काढायचा. बघणारे कंटाळायचे, बचाव करणारे नुसते धावून थकायचे. म्हणून १९३२ च्या सुमारास अमेरिकेत ठरलं की १० सेकंदांत चेंडू पुढच्या अर्ध्यात न्यायचा आणि नेल्यावर मागं आणायचा नाही. आपण ज्या फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी खेळतो, त्यांत २००० सालापासून ही मुदत ८ सेकंदांची झाली. कोर्टाची लांबी २८ मीटर. रेष ओलांडली की हल्ला करणाऱ्यांना उरतात १४.

आता जिथं सगळे अडखळतात तिथं येऊ. चेंडू मागं गेला की सगळी गॅलरी ओरडते, ‘सर, मागं गेला की!’ पण चेंडू नुसता मागं गेल्यानं काही होत नाही. पंचानं मनात तीन प्रश्न विचारायचे असतात. पुढच्या अर्ध्यात चेंडूवर ताबा कुणाचा होता? तिथं चेंडूला शेवटचा स्पर्श कुणाचा झाला? आणि मागच्या अर्ध्यात त्याला पहिला हात कुणी लावला? तिन्ही उत्तरं एकाच संघाची आली तरच शिट्टी. मधे समोरच्या खेळाडूचं नख जरी चेंडूला लागलं असेल, तर शेवटचा स्पर्श त्याचा. मग मागं धावत जाऊन चेंडू खुशाल उचला.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका तालुका सामन्यात मी पंच होतो. बचाव करणाऱ्या मुलाच्या बोटाला लागून पास मागं उडाला, हल्ला करणाऱ्या मुलानं धावत जाऊन तो झेलला आणि मी शिट्टी वाजवली. ज्याच्या बोटाला चेंडू लागला होता, तो मुलगा स्वतःच माझ्याकडं बघून म्हणाला, ‘सर, माझ्या हाताला लागला.’ निर्णयाचा फायदा त्याच्याच संघाला मिळत होता, तरी तो बोलला. मी निर्णय बदलला. त्या दिवसापासून मी चेंडूच्या मागं धावण्याआधी हातांकडं बघतो.

एक सवलतही लक्षात ठेवा. समोरच्यांचा पास अडवायला तुम्ही आपल्या पुढच्या अर्ध्यातून उडी मारली, चेंडू हवेतच पकडला आणि उतरताना पाय मागच्या अर्ध्यात पडले, तर ते चालतं. ताबा नव्यानं मिळाला तेव्हा तुम्ही हवेत होता. धाडस करून पास कापणाऱ्याला शिक्षा होऊ नये, म्हणून ही सूट मला फार योग्य वाटते.

तुम्ही धारवाडला खेळायला जाल तर पंच कन्नडमध्ये बोलतील, कोल्हापूरला मराठीत. हाताची खूण मात्र दोन्हीकडं एकच. पंच शरीरासमोर हात इकडून तिकडं हलवतो. ती ओळखायला शिका म्हणजे हुज्जत घालावी लागणार नाही. हा फाऊल नव्हे, व्हायोलेशन म्हणजे साधा नियमभंग आहे. खेळाडूच्या नावावर काही लागत नाही, फक्त चेंडू जातो.

बचाव करणाऱ्या मुलींनो, हा नियम तुमच्या फायद्याचा आहे. रेष ओलांडल्या ओलांडल्या ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेणं, थांबवणारी खेळाडू दिसली की तिला बाजूच्या रेषेकडं वळवत न्या आणि दोघींनी घेरा. मागं मधली रेष, बाजूला बाहेरची रेष. दोघींचं काम चौघींसारखं होतं. चेंडू आणणारीनं म्हणूनच रेषेपाशी थांबायचं नाही, तीन-चार पावलं आत जाऊनच डोकं वर करून पास शोधायचा.

मघाशी इथं बसलेल्या एका मुलीनं विचारलं, ‘ड्रिबल करताना एक पाय पुढं, एक मागं असला तर?’ फार चांगला प्रश्न आहे. ड्रिबल करत येताना दोन्ही पाय आणि चेंडू, तिन्ही पुढच्या अर्ध्यात टेकल्याशिवाय तू पुढं गेलीच नाहीस. तोवर मागं वळायला मोकळी आहेस. ८ सेकंदांचं घड्याळ मात्र तुझ्यासाठी थांबत नाही.