पाण्यात उभं राहिलेलं रान

[दृश्य: चिखलातून वर आलेली, गुडघ्यासारखी वाकलेली मुळं]

गोव्यातला सत्तरी तालुका, बांबर गाव. ही निरंकाराची राय, म्हणजे देवराई. बाहेर सड्यावर पाय भाजतायत, आणि इथं पाऊल चिखलात रुततंय. हे रानजायफळाचं झाड. पाण्याखालच्या मातीत हवा नाही, म्हणून मुळंच वर येऊन श्वास घेतात. देवाची राय म्हणून गावानं इथं कोयता चालवला नाही. झरा टिकला तो त्यामुळे.

[दृश्य: जळून काळा पडलेला उतार]

आता याच तालुक्यातला मार्च 2023 आठवा. म्हादई अभयारण्यात वणवे लागले. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं डोंगरावर पाणी ओतत होती. त्याआधीचा फेब्रुवारी, दिवसाच्या तापमानाचा हिशेब केला तर, 1901 पासूनचा देशातला सगळ्यात तापलेला फेब्रुवारी होता. ठिणगी माणसाचीच असते म्हणा. पण पातेरा, म्हणजे झाडाखालचा पाचोळा, इतका कोरडा असला की विडीचं थोटूकही पुरतं.

वणवा मोठी झाडं बहुधा सोडून देतो. खातो तो रोपं. मग मोकळ्या जागेत रानमोडीचं तण माजतं, उन्हाळ्यात वाळून कोरडं ठाक होतं, आणि पुढच्या वर्षी आग आणखी सहज धरते. सह्याद्रीच्या ओल्या रानाला या चक्राची सवय नाही.

[दृश्य: जानेवारी. उतारावर पाचोळा ओढणारी माणसं]

म्हणून खरं काम हेलिकॉप्टर येण्याच्या कितीतरी आधीचं. थंडी सरता सरता जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, साफ करायच्या. काजूच्या बागायतीत झाडाखालचं गवत पेटवण्याऐवजी कापायचं. काजूवाला म्हणेल, मजुरी कोण देणार? प्रश्न रास्त आहे. बोंडू गोळा करायला जमीन स्वच्छ लागते, आणि काडेपेटी मजुरापेक्षा स्वस्त पडते. ती मजुरी सरकारनं उचलली तर वणव्याच्या खर्चापुढे ती किरकोळच ठरेल, असं मला वाटतं.

दुसरं काम लावणीचं. खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर एकेकाळी अकेशिया लावला. हिरवं लवकर दिसलं. पण एकाच जातीचं रान म्हणजे एकाच पत्त्यावर लावलेला सगळा डाव. पाऊस कोसळणार आणि मग लांबणार असेल, तर किंदळ, माटी, जांभा अशा इथल्याच झाडांचं मिसळीचं रान हवं, आणि ओहोळाच्या काठाला तर हातच लावायला नको.

[दृश्य: रोपवाटिका, ओल्या मातीत बी टोचणारे हात]

रानजायफळाचं बी साठवून ठेवता येत नाही. सुकलं की मेलं. धनेश जायपत्री खातो, बी टाकतो. ते ओल्यात पडलं तरच रुजतं. म्हणून इथं बी वेचलं की लगेच पेरायचं, आणि रोप न्यायचं तेही जिथं उन्हाळ्यात झरा वाहतो तिथंच. सत्तरीत अशा जागा कुठे उरल्या आहेत, ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावं लागतं.

[आवाज: पंखांची फडफड, मग पाणी]